खाला जमिनीवर बसत नाही

आमच्या उस्मानपुऱ्यात बांगड्या भरायला येणारी खाला कुणाच्याच घरी जमिनीवर बसत नसे. पाट नाय, चटई नाय. खुर्ची मागायची अन् मगच टोपली उघडायची. बायका म्हणायच्या, लई ताठा आहे हिला. मला मात्र तो ताठा आवडायचा.

पोलीस ॲक्शननंतर एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, लग्न निघालं, तेव्हा मी खालाच्या जोडीनं गेले. ती तिथंच बांदी म्हणून, घरातली दासी म्हणून वाढलेली. बांद्यांनी दाराशी, चपलांपाशी बसायचं, असा तिथला रिवाज. ही सरळ नवरीशेजारी तख्तावर बसली.

म्हाताऱ्या बेगमसाहेब पाहुण्यांना हसून म्हणाल्या, "बेटी की तरह पाला हमने इसको. बांदी-वांदी सब लोगों की बातें हैं."

"बेटी को खरीदते नै, बेगमसाब," खाला बांगडी भरता भरता म्हणाली. "मेरेकू तो अकाल में जवारी देके लिये ना."

"नमक खाया है हमारा."

"पकाया बी मैंच."

नवरीनं हळू विचारलं, "कितनी जवारी?"

"मेरी माँ के पल्लू में आयी उतनी," खाला साऱ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाली. मग नवरीचं मनगट धरून म्हणाली, "हाथ ढीला छोड़ो, बेटा."