रोज सकाळी दहा मिनिटं

परवा रविवारी सकाळी साडेसहाला मी माझ्याच गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, वरचं हँडल घट्ट धरून बसलो होतो. गाडी सुषी चालवत होती... माझी धाकटी बहीण. गेला दीड महिना तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आम्ही लालबागला राहतो. इथे गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मला ती बिल्डिंगच्या गेटसमोरच मिळाली आहे, आणि ती जाईल या भीतीने मी गाडी हलवतच नाही. ऑफिसला बसने जातो.

पण काळजी घेतो हं... रोज सकाळी खाली उतरायचं, फडका मारायचा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं आणि वर येऊन आंघोळ. तळमजल्यावरचे परबकाका रोज विचारतात, "झाली का गाडीची आरती?"

गणपतीत सुषीने गाडी मागितली. सासूबाईंना आणि नवऱ्याला घेऊन कुडाळला जायचं होतं. तिने गाडी टाकी भरून, धुऊन परत आणून दिली, ओरखडासुद्धा नाही. पण त्या आठवड्यात माझी जागा गेली आणि परत मिळवायला पंधरा दिवस लागले. तो राग मनात होताच.

डिसेंबरात डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मागून कुजक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. दादरपर्यंत नेऊन बघितली, तर पुलाच्या चढावर गाडीने अक्षरशः मान टाकली.

मी काय करावं? दिव्याचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. 'कुठल्या तरी पंपावर भेसळीचं पेट्रोल पाजल्याचा प्रसाद. गाडी माणूस बघून द्यावी.' दोघातिघांनी हसून घेतलं. सुषीने काहीच लिहिलं नाही... मग फोन उचलेना. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली नाही, तेव्हा मात्र मला लागलं.

शेवटी गाडी कॉटन ग्रीनला सावंत मेस्त्रींकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा फॉल्ट निघाला. हा सायलेन्सरच्या अलीकडचा डबा. आत बारीक भोकांची वीट असते आणि इंजिनातून येणारे विषारी वायू तिथे साफ होतात. मला वाटलं, आता नवीनच टाकायला सांगणार... पण मेस्त्रींना घाई नव्हती.

त्यांनी इंजिन चांगलं गरम केलं आणि डब्याच्या पुढे-मागे तापमान मोजायची गन धरली. खरं तर मागची बाजू जास्त तापायला हवी, ती उलट थंड होती. मग डब्याच्या अलीकडचा सेन्सर काढला आणि त्या भोकातून धूर जाऊ देत रेस दिली, तर इंजिन एकदम मोकळं झालं. म्हणजे डबा चोक होता. प्लग काढले, ते काजळीने काळेकुट्ट.

"रोज किती चालते गाडी?"

"दहा मिनिटं."

"किलोमीटर विचारतोय, साहेब."

गणपतीनंतरचे सगळे मिळून बावीस होते. मेस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. डबा तापायच्या आत तुम्ही बंद करता. मग न जळलेलं सगळं आत साचत जातं. मध्ये लांब कोणी नेली होती काय?"

"बहिणीने... कुडाळला."

"मग त्यांनीच वाचवली. नायतर ही आधीच बसली असती."

त्यांनी प्लग बदलले. डब्यावर ठोकून बघितलं, आतली वीट फुटलेली नव्हती. म्हणाले, बदलायच्या आधी हायवेला एक तासभर न थांबता ऐंशीने पळवा, एक गिअर खालचा ठेवून. काजळी जळून गेली तर ठीक, नाहीतर नवीन डबा.

आता खरं सांगायचं तर... मी आयुष्यात पन्नासच्या वर गाडी चालवलेली नाही. मेस्त्रींकडे दोन गाड्या खोलून पडल्या होत्या, त्यांना यायला वेळ नव्हता. लांबचं चालवणारं माणूस आमच्यात एकच... सुषी.

त्याच संध्याकाळी डिलाईल रोडला तिच्या घरी गेलो. दारात उभा राहूनच मेस्त्री काय म्हणाले ते सांगितलं, सॉरी म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "रविवारी सहाला गाडी घेऊन ये."

फ्रीवेवर गाडी कण्हत होती. वाशीची खाडी ओलांडली तरी तेच... मी सारखा त्या दिव्याकडे बघत होतो. पनवेल मागे पडल्यावर कधीतरी तिने अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी पहिल्यांदा पुढे झेपावली. "सुटली," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी परत एकदा सॉरी म्हटलं.

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला एकटीला कशाला म्हणतोस दादा? ग्रुपवर बोललास तेव्हा सतरा जण होते. त्यात माझा नवरा होता. सासूबाई मला म्हणाल्या, काय गं, भावाची गाडी बिघडवलीस?"

मला खूप लाज वाटली.

काल मेस्त्रींनी परत सगळं तपासलं. डब्याची मागची बाजू व्यवस्थित तापतेय, दिवा गेला तो गेलाच. डबा बदलायची गरज नाही.

ग्रुपवर कालच लिहिलं. पण तिथे निम्मे लोक म्यूट करून बसलेत, म्हणून इथे सगळ्यांसमोरही लिहितो. गाडी माझ्यामुळे बिघडली होती. सुषीने ती दोनदा नीट केली... एकदा कुडाळला जाताना, नकळत. आणि एकदा परवा, सगळं माहीत असून.