घसरणार नाहीत असे बूट

पुण्याहून सकाळची धुळे गाडी पकडली तेव्हा पाठीवर दोर नव्हता. धुळ्याकडे मी दोराशिवाय कधी निघालेच नव्हते, त्यामुळे खांदे उगाच हलके वाटत होते. भूषणला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याजवळच्या त्याच्या गावी गंधमुक्ती (सुतक फेडण्याचा विधी) होती. त्याच्या आईने, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, फोनवर मला एकच काम सांगितलं होतं.

"त्यानासाठे बूट लेवाना शेतस (घ्यायचे आहेत). घसरनार नहीत असा. तुले समजस त्यामधलं."

गेलेल्या माणसाच्या नावाने या दिवशी पादत्राणं दान देतात, पुढच्या वाटेवर त्याला काटे टोचू नयेत म्हणून. बहुतेक घरांतून चामडी चपलांचा जोड दिला जातो. अक्कांना चपला नको होत्या, कारण भूषण चपला घालूनच गेला. डेअरीवर दूध घालायला मोटारसायकलवर निघाला आणि वळणावरच्या खडीवर गाडी घसरली. त्याचे बूट तेव्हा ओट्यावर वाळत पडले होते. पायात बूट असते तर पाय रोवून त्याने गाडी सावरली असती, असं अक्कांनी मनाशी धरलं होतं. तसं काही नसतं. पण ते त्यांना सांगणारी मी कोण?

आमची ओळख बुटांमुळेच झाली. एका चढाईच्या शिबिरात माझ्या बुटाचा तळ उकलला आणि एकाही मुलीचा बूट मला होईना. माझा पाय आठ नंबरचा, घरात मला फताडी म्हणतात. भूषणने आपला जोड, तोही आठच नंबरचा, पुढे सरकवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुझं एक बरं आहे, देवळाबाहेरून तुझी चप्पल कुणी चोरणार नाही." मी त्याला तिथेच एक सणसणीत शिवी दिली. तेव्हापासून दोराच्या एका टोकाला तो असायचा आणि दुसऱ्या टोकाला मी. तो पार्कूरही करायचा, म्हणजे भिंती, कठडे, छपरं ओलांडत पळायचा खेळ. दोंडाईच्यातल्या एका बंद जिनच्या (कापसाच्या गिरणीच्या) भिंतींवर तो आपला आपणच शिकला होता.

धुळ्याच्या स्टँडवर नाना, त्याचे वडील, उभे होते. टोपीखालचं डोकं नुकतंच मुंडण केलेलं. "उनी का माय," (आलीस का) एवढंच म्हणाले आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली. दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला आणि बूट शोधायला आग्रा रोडच्या बाजारात निघालो.

तीन दुकानांतून हात हलवत परतलो. चौथं दुकान एका मारवाडी शेठजींचं होतं. त्यांनी आधी मोठ्या खाचांचे ट्रेकिंग बूट काढले. दिसायला ट्रॅक्टरच्या टायरासारखे दणकट, चिखलात ते चांगले. पण कातळावर त्यांच्या खाचांमधले नुसते उंचवटे टेकतात आणि पाय सुटतो. पळायचे बूट इतके गुबगुबीत की पायाखाली दगड आहे की गादी हे समजत नाही. निव्वळ चढाईचे बूट तिथे मिळणारच नव्हते, आणि मिळाले असते तरी मी घेतले नसते. ते बोटं मुडपतील एवढे घट्ट घालतात, आणि इथे तर चालायचं होतं. कड्याच्या पायथ्यापर्यंतची लांब वाट चालता यावी आणि मध्ये कातळ आलाच तर त्यालाही धरून राहावा, असा मधला बूट मला हवा होता. टाचेखाली खाचा, पंजाखाली सपाट, मऊसर रबर. भूषण भिंतीवर झेप घ्यायचा तेव्हा त्याच्या पायात असलेच असत.

अखेर वरच्या फळीवरून तसा एक जोड निघाला. दानाचा जोड कोरा लागतो, पायात घालून पाहता येईना. म्हणून मी बुटात हात घातला आणि दुकानाच्या गुळगुळीत दगडी पायरीवर पंजा टेकवून अंगाचा सगळा भार दिला. शेठजींना हसू आवरेना.

"ताई, बूट हातात नाही, पायात घालतात. किसके लिए आहे?"

"पोऱ्यासाठे," नाना म्हणाले.

"मग त्याला आणायचं ना सोबत. पाय पाहिल्याशिवाय बूट घेऊ नये."

नानांनी टोपी काढून घाम पुसला. "तो येवाव नही," (येणार नाही) ते म्हणाले.

शेठजींनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुकानात नाडी कशीबशी ओवलेली असते. त्यांनी ती दोन्ही बुटांतून काढली आणि खाली बसून पुन्हा नीट ओवून दिली.

दोंडाईच्याच्या गाडीत नाना खिडकीशी बसले, खोकं मांडीवर घेऊन. गावाजवळ रस्त्याकडेच्या माळांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, नजर जाईल तिथपर्यंत लालच लाल. गाडीभर खोकल्याची साथ आली, सगळ्यांचे डोळे वाहायला लागले. आम्हीही डोळे पुसले. इतरांचे थांबले तरी आमचे बराच वेळ थांबले नाहीत.

घरी जेवायला भाकरी आणि बिनफोडणीचं वरण होतं. सुतकात फोडणी देत नाहीत. अक्कांनी बूट घेतले, उलटे केले, तळव्यांवरून अंगठा फिरवला.

"आते घसराव नही ना?"

हो म्हणायला हवं होतं. पण बुटांच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणाले, "अक्का, कोरं रबर आधी थोडं घसरतंच. वरचा तुकतुकीत थर दगडावर घासून गेला, की मग धरतं."

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. अक्का मात्र विचारात पडल्या. "मंग कोन घासी?" एवढंच त्यांनी विचारलं.

सकाळी अंगणात दान घ्यायला पाटावर भूषणच्या आत्याचे जावई बसले. भला माणूस, शिंदखेड्यात कापडाचं दुकान चालवणारा. ताटात छत्री, धोतरजोडी आणि ते बूट. नाना पाणी सोडणार तोच अक्का पुढे झाल्या.

"जावईबापू, हाई घालीसन तुम्ही डोंगर चढशात का?"

"नाही हो अक्का," ते ओशाळून म्हणाले. "मी दिवसभर गादीवर बसणारा माणूस."

अक्कांनी ताटातले बूट उचलले आणि बायकांत बसलेल्या माझ्यासमोर आणून ठेवले. थोरले काका पुटपुटले, "बाईमाणूसले दान? आनि ती आपली कोन?" विधी सांगणाऱ्या महाराजांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "जो चालेल त्याला द्यावं. पण माप लागलं पाहिजे."

"माप त्यानंच शे," (त्याचंच आहे) अक्का म्हणाल्या.

भूषण गेल्याचा फोन आला त्याच दिवशी मी ठरवलं होतं की चढाई संपली. दोर आणि बाकीचं सामान देऊनही टाकलं होतं. मी हळूच म्हणाले, "अक्का, मी आता चढणार नाही. माझा दोर धरणारं कुणी राहिलं नाही."

अक्का माझ्या पायांशी बसल्या. त्यांनी नाडी सैल केली आणि बूट माझ्या पावलाशी धरला, शाळेत जाणाऱ्या लेकराला घालावा तसा.

"तू चालनी नही, त तो कसा चाली?"

पाय आत गेला आणि नेमका बसला. मग मला काही दिसेनासं झालं. महाराजांनी सांगितलं, अंगणातून फाटकापर्यंत चाला, मागे वळून पाहू नका. मी चालले. पाठीमागे अक्का इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या, आणि मला वळता येईना. थोड्या वेळाने चुलीवर मोहरी तडतडली. घराचं सुतक फिटलं होतं. वरण-बट्टी वाढली, पण ती कुणाला फारशी गेली नाही.

परतताना नाना धुळ्यापर्यंत सोबत आले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "तो चढे ती जागा माले दखाड." (दाखव) आम्ही रिक्षाने ललिंगला गेलो. हायवेलगतचा किल्ला, वाळलेलं गवत, भुरभुरीत मुरुमाची वाट. पहिल्याच चढावर माझा पाय सटकला आणि गुडघा चांगलाच सोलवटला. नाना धडपडत पुढे आले. "धीरे, धीरे," ते म्हणत राहिले. मी कातळापाशी गेले आणि बुटांचे दोन्ही तळवे दगडावर खसाखसा घासले. मग भूषणचा आवडता तिरका कातळ होता, त्यावर पंजा टेकवला. रबराने धरलं. हात न लावता मी वर गेले. खाली दोर धरायला कुणी नव्हतं. नाना तेवढे होते, टोपी हातात घेऊन. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या पायांकडे पाहत होते.

आता मी पुण्यात आहे. नवा दोर घेतला, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण, हे अजून ठरत नाही. म्हणून सध्या नुसती चालते, कड्याच्या पायथ्यापर्यंत जाते आणि परत येते. अक्कांचा अधूनमधून फोन येतो. जेवलीस का, पाऊसपाणी कसं, एवढं झालं की त्या विचारतात, "झिजनात का?"

"थोडे झिजलेत, अक्का."

"मंग आखो (आणखी) चाल, माय."

त्यांच्या हिशेबी तळवे जेवढे झिजतील तेवढी त्याची वाट सरेल. पूर्वी बूट झिजला की मी कुरकुरत नवं रबर लावून घ्यायची. या बुटांना रबर लावायचं नाही, हे मी जाणते. ते पुरते झिजतील तेव्हा अक्कांचा पोऱ्या पोचलेला असेल, आणि माझा मित्र तेव्हा खरोखर गेलेला असेल. कधीकधी घरी परतल्यावर मी बूट उलटे करून पाहते आणि पंजाखालचं रबर अजून शिल्लक दिसलं की मला बरं वाटतं. हे मी अक्कांना सांगितलेलं नाही. सुट्टीचा दिवस उजाडला, की तेच बूट घालते आणि निघते.