शाल नको, मला खेळायचंय

फुटबॉलमधून मला दोनदा काढलं, दोन्ही वेळा शाल घालून. पहिल्यांदा मुंबईतल्या कंपनीने, संघ बंद करताना. तिथे मी पगारी खेळाडू होतो. मधल्या फळीतून चेंडू पुढे पोचवणं हे माझं काम. गोल करणाऱ्यांची नावं पेपरात यायची. चेंडू त्यांच्या पायापर्यंत आपोआप येतो, अशी वार्ताहरांची समजूत असावी. दुसऱ्यांदा एका क्लबने, माझा गुडघा दुखावल्यावर. तिथे शालीबरोबर भिंतीवरचं घड्याळही मिळालं.

मग मी माझ्या गावी, गिरीजला, तिथल्या संघातून खेळू लागलो. चाळिशी जवळ आली होती. नाताळातल्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि आदल्या संध्याकाळी संघ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष घरी आले.

"उद्या सामन्याआधी तुमचा सत्कार. स्टेजवर, पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची."

"आणि खेळणार कोण?"

"अहो, तरुण पोरं आहेत ना! तुम्ही आता मार्गदर्शन करा."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "घेऊन टाका. तिसरीही मावेल कपाटात."

"शाल मावेल. मी नाही मावणार."

दुसऱ्या दिवशी मी पँटखाली हाफ पँट आणि पायात खेळाचे बूट घालून स्टेजवर चढलो. अध्यक्षांनी माझी कारकीर्द सांगितली. मी न खेळलेले दोन सामनेही त्यांनी मला जिंकून दिले. मग माइक माझ्यापुढे आला.

"राखीव खेळाडूंत माझं नाव अजून आहे," मी म्हणालो. "शाल निवृत्त माणसाला द्या. मी खेळणार."

अध्यक्ष हसले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "खेळवा अंकलला! पडले तर आम्ही उचलू!"

"आधी स्टेजवरून उतरता येतंय का बघा!" दुसरा ओरडला.

उतरलो. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं अध्यक्षांना जमलं नाही. आम्ही एका गोलने मागे असताना, शेवटी शेवटी, कॅप्टनने मला आत घेतलं. पहिल्याच धावेत गुडघा कुरकुरला. मग मी धावणं सोडलं आणि जागा शोधू लागलो. एकदा ती सापडली. दोन बचावपटूंच्या मधून चेंडू थेट आमच्या फॉरवर्डच्या पायात गेला. समोर फक्त गोलकीपर. फॉरवर्डने तो गोलच्या बारवरून मागच्या केळीच्या बागेत मारला.

हरलो. अध्यक्ष शाल घेऊन पुन्हा आले. "आता तरी?"

"आता तर मुळीच नाही."

फॉरवर्ड मान खाली घालून उभा होता. "सॉरी, अंकल."

"सॉरी राहू दे. उद्या मैदानावर ये. असेच चेंडू देत राहतो, तू मारत राहा."