पुस्तक आणा, नाहीतर मागे बसा

मंडळी, आज सकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर मला मागच्या रांगेत बसवलं.

कट्ट्याचा नियमच आहे: त्या महिन्याचं पुस्तक हातात असेल, त्यानंच पुढे बसायचं. माझ्या हातात मोबाईल होता. कट्टा चालवणारे काका म्हणाले, "अहो ताई, व्हॉट्सॲप घरी वाचलं तरी चालतं."

"पुस्तकच आहे यात, काका. डोळ्यांचं दुखणं लागल्यापासून छापील अक्षर दिसत नाही मला. इथे हवं तेवढं मोठं करता येतं."

"कागदाचा वास नाही, ते कसलं वाचन? मागे बसा आपण."

बसले. चर्चा सुरू झाली. मुखपृष्ठावर बोलून झालं, कागदाच्या पोतावर बोलून झालं. पण कादंबरीच्या शेवटी नायिका घर का सोडते, असं एकीनं विचारल्यावर सगळे पानं चाळायला लागले! काकांची खूण तर जेमतेम तिसाव्या पानावर होती.

मग मागून मीच बोलले, चांगली दहा मिनिटं. माझ्या स्क्रीनवर एका ओळीत तीनच शब्द मावतात. तीन-तीन शब्दांनी अख्खी कादंबरी वाचलीये मी, शेवटच्या ओळीपर्यंत.

काका म्हणाले, "तरीपण नियम म्हणजे नियम."

असू दे. पुढच्या वेळी मी मोबाईल घेऊन पहिल्याच रांगेत बसणार आहे. ज्यांना वास घ्यायचाय, त्यांनी खुशाल घ्यावा. मला वाचायचंय.

तुमच्यापैकी कोणाकोणाला असं मागे बसवलंय? उठा, आणि पुढे येऊन बसा.