आईच्या मापाची बाटली

रिसेप्शनवरचं पार्सल गळत होतं. खाकी खोक्याच्या कोपऱ्यातून लाल पाणी टेबलावर आलं होतं, तिथून व्हिजिटर रजिस्टरवर आणि मग फरशीवर. सिक्युरिटीच्या शिंदेकाकांना ते रक्त वाटलं. त्यांनी खोक्याला हात न लावता आधी अ‍ॅडमिनला फोन केला. अ‍ॅडमिनने खोक्यावरचं नाव वाचलं. नाव माझं होतं.

खोक्यात कोकमाचं आगळ होतं. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला कोकमाचा दाट रस. तो कपड्यावर पडला तर कपडा गेला असं समजायचं.

थोड्याच वेळात राजाध्यक्ष मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी अंधेरीतल्या ज्या शाम्पू-तेलाच्या कंपनीत काम करते, तिथल्या पॅकेजिंग विभागाच्या त्या प्रमुख. पार्ल्यात वाढलेल्या आणि तोंडाने फटकळ, पण पाठीमागे कुणाबद्दल बोलत नाहीत.

"सुजाता, हे काय चालवलंयस गं?"

मी खरं ते सांगितलं. कुडाळजवळच्या आमच्या गावी मामा आगळ काढतो. ते कॅनमधून बोरिवलीला आमच्या घरी येतं, आई बाटल्यांत भरते आणि आम्ही ऑनलाइन विकतो. फूड लायसन्स आईच्या नावावर आहे. ऑर्डर मी ऑफिसला निघायच्या आधी बघते, पॅकिंग रविवारी करते आणि पार्सलं जाता-जाता कुरिअरच्या दुकानात देते. परत आलेल्या मालासाठी मात्र ऑफिसचा पत्ता दिला होता. आईला कुरिअरवाल्याशी हिंदीत बोलायची धास्ती वाटते, म्हणून.

"कंपनीची परवानगी घेतलीस?"

"नाही."

त्यांनी पॉलिसी समजावली. नोकरी करताना जोडधंदा करायचा तर लेखी परवानगी लागते. ऑफिसचा वेळ, ऑफिसचं सामान, ऑफिसचा पत्ता, काहीही वापरायचं नाही. परवानगी नाही मिळाली तर दोन्हींतलं एक सोडायचं.

"अर्ज मी एचआरला पाठवीन," त्या म्हणाल्या. "पण माझ्या शिफारशीशिवाय तो पुढे जायचा नाही. आणि पॅकेजिंगमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या बाटल्या गळतात, असल्या धंद्याची मी शिफारस करू? आपलीच इज्जत जाईल यार. आधी कारण शोध. इथे शोधतेस तसं. मग ये."

मी माझ्या घराण्यातली पहिली पदवीधर. तालुक्याच्या शाळेत शिकले. मग मुंबईत पॅकेजिंगचा कोर्स केला आणि ही नोकरी लागली. घरभाडं याच नोकरीवर चालतं, ती सोडायचा प्रश्नच नव्हता. पण आगळ बंद करणंही सोपं नव्हतं. बाबा गेल्यावर मी आईला बोरिवलीला आणलं. गावात दिवसभर राबणारी बाई इथे खिडकीशी बसून समोरच्या बिल्डिंगचे गॅलरीतले कपडे बघायची. आगळाचं काम सुरू झाल्यापासून ती पुन्हा घाईत असायची. संध्याकाळी मी आले की आधी विचारायची, आज कुठल्या गावाक गेला? नागपूरला बाटली गेली तर तिला कुणी नातेवाईक तिकडे राहायला गेल्यासारखं वाटायचं. हे बंद करायचं असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मी ऑनलाइन दुकान तात्पुरतं बंद ठेवलं आणि कामाला लागले.

बाटली गळते तेव्हा आम्ही आधी झाकण बघतो. झाकणाच्या आत एक पातळ गोल चकती असते, तिला वॅड म्हणतात. ती नीट दाबली गेली नाही तर गळती होते. माझ्या वॅड ठीक होत्या. मग झाकण किती घट्ट आवळलंय ते बघतात. तेही ठीक होतं. मग खोकं. मी जाड खोकी आणली, आत पुठ्ठ्याचे कप्पे केले. शेवटी ड्रॉप टेस्ट. म्हणजे भरलेलं पार्सल कमरेच्या उंचीवरून वेगवेगळ्या बाजूंनी खाली टाकायचं. कंपनीत त्याचं मशीन असतं, घरी माझे हातच. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, मायलेकींचं भांडण झालंय का. आई म्हणाली, "नाय हो, ती हापिसातला काम करता."

एकही बाटली गळली नाही. उलटी ठेवली, उन्हात ठेवली, तरी नाही.

मी मॅडमना सांगितलं की कारण सापडत नाही, बहुतेक कुरिअरवाले जास्तच आपटतात.

"कुरिअरवाल्यावर ढकलू नकोस," त्या म्हणाल्या. "टेस्टच्या बाटल्या भरल्या कुणी?"

"मी."

"आणि ऑर्डरच्या?"

कंपनीत आम्ही सप्लायरला हेच विचारतो. तो टेस्टसाठी मन लावून बनवलेला नमुना पाठवतो आणि माल वेगळा येतो. म्हणून नमुना नेहमी चालू लाइनवरून, न सांगता उचलायचा. आमच्या घरची लाइन म्हणजे आई. मी तिला खूण केलेलं मापाचं भांडं दिलं होतं. ते बाटलीत ओतलं की काम संपलं, असं मी धरून चालले होते.

दुकान बंद असलं तरी आई दर रविवारी बाटल्या भरून ठेवतच होती. त्या रविवारी मी पेपर वाचायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात बसले. आईने मापाचं भांडं भरलं, नरसाळ्यातून बाटलीत ओतलं. बरोबर. मग तिने बाटली उजेडात धरली. रस मानेच्या खाली थांबला होता. तिने पळी घेतली, कॅनमध्ये बुडवली आणि बाटली तोंडापर्यंत भरली. मग झाकण लावलं. पुढची बाटलीही तशीच.

मी एक बाटली उचलून उलटी केली. भरलेली बाटली उलटी केली की आत हवेचा बुडबुडा वर चढताना दिसतो. त्या मोकळ्या जागेला हेडस्पेस म्हणतात. उन्हात तापलेल्या टेम्पोत रस फुगतो, तेव्हा त्याला ती जागा लागते. बाटली पडली तर धक्का ती हवा सोसते. हवा नसेल तर धक्का थेट झाकणावर जातो. आईच्या बाटलीत बुडबुडा नव्हता.

"आई, वरून कित्या घालतंस?"

"मगे? रिकामा नरडा कोणाक दाखवतलंस? लोक म्हणतले, मापात मारल्यान."

मी तिला हेडस्पेस समजावली. तिने ऐकून घेतलं आणि पळी खाली ठेवली.

"तुझ्या हापिसात शिकवतत ता हापिसात ठेव. उणी बाटली माझ्या हातसून भरूची नाय. तूच भर."

आणि ती उठून खिडकीशी जाऊन बसली.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आमच्या आठवडा बाजारात तांदळाची पायली नुसती काठोकाठ भरून थांबत नाहीत, वर शीग लावतात, म्हणजे दाण्यांची टेकडी. ती पिशवीत ओतल्यावरही विकणारी आणखी एक मूठ घालते, त्याला 'वर' म्हणतात. आई स्वतः बाजारात बसायची. तिच्याकडची 'वर'ची मूठ मोठी, म्हणून गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं. त्याच बाजारावर माझी शाळा झाली. तिला मापात मारायला शिकवायची माझी लायकी नव्हती. आणि गळकी बाटली पाठवायचीही मला परवानगी नव्हती.

थोडी उंच बाटली घेतली असती तर तिचीही मान रिकामीच दिसली असती. मानेवर रंगीत प्लास्टिकचं आवरण चढवता येतं, पण त्याला आई लपवाछपवीच म्हणाली असती, आणि ते खरंच होतं. दुपारभर मी तोच विचार करत होते. मग मी डब्यातली आमसुलं काढली, एक लहान पुडी बांधली आणि आईसमोर ठेवली.

"माप बाटलीत. ही 'वर'. खोक्यात बाटलीच्या शेजारी ठेवायची."

तिने पुडी हातात घेऊन वजन बघितलं. उघडली, आणखी चार आमसुलं घातली, पुन्हा बांधली.

"'वर' हातान घालूची असता," ती म्हणाली. "ही पुडी मीच बांधतलंय. तू नको. तुझी मूठ ल्हान."

मग ती उठली आणि भरलेल्या बाटल्यांतला जास्तीचा रस पळीने काढून कॅनमध्ये ओतू लागली. प्रत्येक बाटली उलटी करून बुडबुडा बघायची. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

सोमवारी तिने भरलेली एक बाटली घेऊन मी केबिनमध्ये गेले. सगळं कारण सांगितलं, आमसुलाच्या पुडीचंही सांगितलं. मॅडमनी बाटली उलटी केली, बुडबुडा बघितला आणि ती आपल्या पर्समध्ये आडवी टाकली. पर्स पांढरी होती.

"मॅडम, पिशवीत तरी घाला."

"का? खात्री नाहीये तुझी?"

मी म्हटलं, आहे. पण त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी त्या ती पर्स काखेत मारून रिक्षात बसल्या तेव्हा मी गेटवरच उभी होते.

दुसऱ्या दिवशी पर्स पांढरीच होती. मॅडमनी शिफारस लिहिली. आठवड्याभरात एचआरची परवानगी आली, अटींसह. त्यात ऑफिसच्या पत्त्याची अट ठळक अक्षरांत होती. परत येणारा माल आता घरी येतो. आई कुरिअरवाल्याशी मालवणीत बोलते. तो उत्तर प्रदेशचा आहे, पण दोघांचं जमतं. तसा माल आता क्वचितच परत येतो.

कंपनीत मी टेस्टसाठी नमुना मागवत नाही. लाइनवर जाऊन उचलते. घरीसुद्धा.

मॅडमनी परवानगीचा कागद माझ्या हातात दिला तेव्हा एवढंच विचारलं होतं, "माझी आमसुलाची पुडी कुठेय?"

मी ती विसरले होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ. म्हणान सांगतंय, तुझ्या हातात 'वर' नाय."