तीन नंबरचा मोर्चा

पाऊस थांबून चाळीसेक मिनिटं झालेली हवीत, वारा आपल्या तोंडावर हवा आणि उजेड जायला अर्धा तास बाकी हवा. हरीण झाडीतून बाहेर पडतं ते या वेळी. पानांवरून पाणी टपटपत असतं, त्यात त्याला आपली चाहूल लागत नाही. हे मला वडिलांनी शिकवलं. शिकारीला बंदी तेव्हाही होती. पण जित्याची खोड! मी ती फौजेतही घेऊन गेलो.

मी तेव्हा नाईक होतो. ईशान्येकडच्या डोंगरात आमची चौकी, चोवीस माणसं. नऊ दिवस पाऊस कोसळत होता. रस्ता बंद, रेशन बंद, दोन्ही वेळा डाळ. रोज पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू. म्हणजे अंधूक उजेडात हल्ल्याचा धोका जास्त, म्हणून प्रत्येकानं हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात उभं राहायचं. माणसांची मोजणी व्हायची. माझा मोर्चा तीन नंबर, उताराच्या कडेला खणलेला, एकट्याचा.

आता पंचाईत बघा. स्टँड-टूची वेळ तीच हरणाची वेळ.

लान्स नाईक सुधाकर कांबळे माझा जोडीदार. त्याच्या अंगात एकशे दोन ताप होता आणि नर्सिंग असिस्टंटनं त्याला दोन दिवस आराम दिला होता. दहाव्या दिवशी १७०५ वाजता पाऊस थांबला. मी बंकरमध्ये गेलो आणि त्याचं पांघरूण ओढलं.

"कांबळ्या, तासभर माझ्या जागी उभा राहा. ओढ्यावर भेकर येणार."

"अरे, ताप आहे मला."

"मोजणीला डोकं दिसलं म्हणजे झालं."

तो कण्हत उठला, रेनकोट चढवला. "रिकाम्या हातानं आलास तर बघ," म्हणाला.

खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक मी आधीच मागून ठेवली होती. १७५० ला भेकर आलं. माझं गणित अगदी बरोबर निघालं. मी बार काढला. आवाज डोंगरात घुमला आणि घुमतच राहिला. मला वाटलं, बाराचाच आवाज आहे. मी खुशीत भेकराचे पाय बांधले, पाठीवर टाकलं आणि पंचवीस मिनिटं चढत राहिलो.

वर पोचलो तर अर्धा उतार खाली आला होता. दरड बंकरवरही आली होती आणि तीन नंबरवरही. फील्ड टेलिफोनवर ऑपरेटर ओरडत होता, "तीन नंबर, जवाब दो! तीन नंबर!" तो मला हाक मारत होता. चार माणसं तीन नंबरवर, बाकी सगळी बंकर उपसत होती, कारण आजारी कांबळे आत झोपलाय असं सगळ्यांना वाटत होतं.

"साहेब, बंकर रिकामा आहे," मी म्हणालो. "कांबळे तीन नंबरला आहे."

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाठीवरच्या भेकराकडे. "सगळे तीन नंबरवर! चला!"

१८३० ला त्याला बाहेर काढलं. अंग गरम होतं. नर्सिंग असिस्टंट बराच वेळ खटपट करत होता, मग उठला. "पंधरा मिनिटं आधी हवं होतं," एवढंच बोलला.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की लान्स नाईक कांबळे मोर्चावर असताना दरड कोसळली. त्यात खोटं काहीच नव्हतं. साहेब म्हणाले, "जे लिहिलंय तेच झालं. समजलं?"

"जी साहेब."

मूग गिळून गप्प बसलो तो पंचवीस वर्षं.

मी आता परदेशात, मुलाकडे वुडलँड्सला असतो. कांबळ्याची मुलगी प्रज्ञा इथेच रिसर्च करते. शहराच्या क्लेमेंटी भागातली खोली माझ्याच मुलानं तिला बघून दिली. दर रविवारी ती आमच्या फ्लॅटवर जेवायला येते, मला काका म्हणते. परवा आम्ही दोघं बसनं मंडाईच्या जंगलाकडे फिरायला गेलो. सहाला पाऊस थांबला. साडेसहा उलटून गेल्यावर मी सवयीनं बोलून गेलो, "इथेच थांब. वारा बरोबर आहे. आता येतील."

दहा मिनिटांत सांबरं आली. दोन माद्या रस्त्याकडेला चरायला लागल्या.

प्रज्ञा कुजबुजली, "काका, तुम्हाला कसं कळलं?" आणि मग सांबरांकडे बघतच म्हणाली, "आई शेवटपर्यंत एकच विचारायची. अंगात एवढा ताप होता, मग बाबा उठले कशाला? तिला वाटायचं, साहेबांनी जबरदस्तीनं उभं केलं असेल."

मी तिच्याकडे वळलो.

"मी उठवलं," मी म्हणालो. मग ओढा, बंदूक, पंचवीस मिनिटं, सगळं सांगितलं. सांबरं कधी गेली, आम्हाला कळलं नाही.

"त्या भेकराचं काय केलंत?" तिनं विचारलं.

"चौकीच्या लंगरमध्ये शिजलं."

"तुम्ही खाल्लंत?"

लाज वाटली, पण आता लपवायचं तरी काय? "खाल्लं. भूक लागली होती."

ती बसस्टॉपकडे चालायला लागली. बस आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई होती तेव्हा सांगायला हवं होतंत."

हो, हवं होतं. या रविवारी ती आली नाही. दुपारी पाऊस आला आणि चारला थांबला. मी बाल्कनीत घड्याळ घेऊन बसलो आणि चाळीस मिनिटं मोजली. मग रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं नव्हतं ते कागदावर लिहिलं आणि क्लेमेंटीला पाठवलं: लान्स नाईक सुधाकर कांबळे त्या संध्याकाळी ड्युटीवर नव्हता. ड्युटी माझी होती.