सीटवरची टोपी

कोल्हापूर स्टँडवर मिसळ खाल्ली. तिचा कट (तिखट रस्सा) अजून कानातून निघत होता, तेवढ्यात गडहिंग्लजची एसटी लागली आणि अख्खा स्टँड तिच्यावर तुटून पडला. मी पुण्याचा, रांग शोधत उभा. शेवटी गर्दीनेच मला उचलून आत नेऊन ठेवलं. गडहिंग्लजच्या कॉलेजात 'सामान्य माणसाचं स्वातंत्र्य' या विषयावर माझं व्याख्यान होतं.

एकच सीट रिकामी होती. तिच्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. खिडकीतून रुमाल किंवा टोपी टाकली की जागा आपली, हा कायदा इकडे सगळे पाळतात. शेजारी एक आजी उभ्या होत्या. गुडघ्याला पट्टा, दवाखान्यातून परत निघालेल्या. प्रत्येक खड्ड्याला "आई गं" म्हणत होत्या.

"बसा की, आजी," मी म्हणालो.

"नगं बाबा. कुणा सायबाची असंल."

पलीकडच्या सीटवरचे मिशीवाले लगेच म्हणाले, "पावणं, हात लावू नगासा. कारखान्याचं संचालक असणार. इस्त्री बघा की!"

झालं! बाहेर उसाचे फड मागे पडत होते आणि आत टोपीखाली साहेब तयार होत होता. कुणी त्याला तापट केलं, कुणी मंत्र्याचा पाहुणा. साहेब पुढे निपाणीला चढणार, हेही कागल यायच्या आत ठरून गेलं. कंडक्टरने तर टोपी उचलून सीट झटकली आणि टोपी परत अलगद ठेवली. बोला आता! आपली सीट आजींना द्यावी, हे मात्र एकालाही सुचलं नाही. मला भयंकर संताप आला. तो मी मनातल्या मनात व्यक्त केला.

निपाणीला अर्धी गाडी उतरली. साहेब काही चढले नाहीत. इतका वेळ दारात चेंगरलेले एक आजोबा मात्र उघड्या डोक्याने पुढे आले आणि आजींवर खेकसले, "उभी का गं? तुझ्यासाठीच खिडकीतनं टोपी टाकलती की!"

"तुमची व्हय ती?" आजी टोपीकडे बघतच राहिल्या. "सकाळी मीच इस्त्री केलती की हिला!"

गडहिंग्लजला व्याख्यान झकास झालं. 'माणसाने कुणालाही भिऊ नये' या वाक्याला टाळ्या पडल्या.

परतीच्या गाडीतही एकच सीट मोकळी होती. तिच्यावर पाण्याची बाटली होती. रिकामी, बिनझाकणाची. कोल्हापूरपर्यंत मी उभा होतो.